कुठला ब्लॉक?

रेल्वेत माझी सगळी नोकरी पर्मनंट वे खात्यात गेली. रूळ, स्लीपर, खडी आणि सांधे यांची देखभाल करणारं हे खातं. आम्ही त्याला नुसतं पी-वे म्हणतो. या नोकरीत मी जो शब्द सगळ्यात जास्त वेळा बोललो, लिहिला, फोनवर ओरडून सांगितला आणि ज्याच्या भरवशावर माझी माणसं रुळांत उतरवली, तो शब्द म्हणजे ‘ब्लॉक’. शनिवारच्या वर्तमानपत्रात उद्याच्या मेगाब्लॉकची चौकट वाचणाऱ्या मुंबईकराला तो एकाच अर्थानं ठाऊक असतो: गाड्यांचे हाल होणार. आमच्याकडे त्याचे अर्थ इतके, की नवा माणूस कामावर आला की पहिले काही महिने त्याला एकच सवय लावावी लागते. कुणीही ‘ब्लॉक’ म्हटलं, की लगेच विचारायचं, “कुठला ब्लॉक?”

रेल्वेत येण्याआधीही हा शब्द मला अनोळखी नव्हता. आमच्या चाळीतल्या कुणी दादरला किंवा पार्ल्याला ‘ब्लॉक’ घेतला की महिनाभर तोच विषय चालायचा. ब्लॉक म्हणजे स्वतःचा नळ, स्वतःचं न्हाणीघर आणि संडास घराच्या आत असलेली जागा. गावाकडे काका पंचायत समितीत कारकून होते. त्यांच्या बोलण्यात ब्लॉक म्हणजे तालुका. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली, तेव्हा गावांचे गट पाडून एकेका गटाला ब्लॉक म्हटलं गेलं आणि त्यावरचा अधिकारी बीडीओ झाला. कागदावर तो गटविकास अधिकारी असतो, पण गावात अजून बीडीओच. छापखान्यात काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांकडे ब्लॉक म्हणजे दिवाळी अंकातलं चित्र छापण्यासाठी लाकडी ठोकळ्यावर बसवलेला जस्ताचा पत्रा. पुढे कधीतरी वाचनात आलं, की या सगळ्यांच्या मुळाशी ओंडका आहे. जुन्या डच भाषेत ‘ब्लोक’ म्हणजे झाडाच्या बुंध्याचा तुकडा. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत गेला. ओंडका म्हणजे घट्ट तुकडा. तुकडे एकत्र आले की गट. आणि ओंडका वाटेत आडवा पडला की अडथळा.

रेल्वेत हे तिन्ही अर्थ एकाच माणसाच्या एकाच पाळीत येतात, आणि तिथे त्यांची गल्लत परवडत नाही.

आधी हातात धरता येणारे ब्लॉक सांगतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तो सांधा उघडून पाहिला, तर त्यात ओतीव लोखंडाचे ठोकळे दिसतात. हील ब्लॉक, डिस्टन्स ब्लॉक, चेक ब्लॉक. शेजारच्या दोन रुळांमधलं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात जागच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. मग ब्लॉक जॉइंट. सिग्नलसाठी रुळांतून एक हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी कुठल्या तुकड्यावर उभी आहे हे त्यावरून कळतं. एका तुकड्याचा प्रवाह दुसऱ्यात जाऊ नये म्हणून रुळांच्या दोन टोकांमध्ये वीज न वाहू देणारा थर घालून जोड करतात, तो ब्लॉक जॉइंट. आणि तिसरा साधा लाकडी ठोकळा. गस्तवाल्याच्या आणि चावीवाल्याच्या सामानात मी त्याला फार मान देतो.

हल्लीचे रूळ मैलोन्‌मैल वितळजोड करून अखंड केलेले असतात. थंडीत पोलाद आकसू पाहतं, पण आकसायला वाव नसतो, म्हणून रुळांत प्रचंड ताण साठतो. जोडात कुठे बारीकशी खोट राहिलेली असेल, तर अशा पहाटे रूळ तडकतो. त्यासाठीच हिवाळ्यात रात्रीची गस्त असते. दोन माणसं, बत्ती, लाल झेंडी, फटाका सिग्नल आणि काळोखात रुळांकडे लावलेली नजर. रूळ तुटलेला दिसला की आधी दोन्ही बाजूंनी गाड्या अडवायच्या, मग तुटलेल्या टोकांखाली लाकडी ब्लॉक सरकवायचा, दोन्ही बाजूंना खास फिशप्लेट लावून शिकंजे कसायचे, आणि मगच गाडी थांबवून, अगदी हळू त्यावरून काढायची. हजारो माणसांची गाडी त्या पहाटे एका हातभर लाकडाच्या आधारानं पुढे जाते.

अशाच एका पहाटे आमच्या गस्तवाल्यानं स्टेशनला फोन केला. धाप लागलेली, बोटं गारठलेली. तो म्हणाला, “साहेब, ब्लॉक लावलाय.” स्टेशन मास्तर जुने, मुरलेले. या वाक्यावर त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ काहीही निघाला असता. लाइन कुणीतरी आधीच बंद केली आहे असाही. त्यांनी विचारलं, “कुठला ब्लॉक? लाइन बंद करायची आहे की ठोकळा लावलास?” उत्तर आलं, “ठोकळा लावलाय. पण रूळ तुटलाय साहेब, गाडी सोडू नका.” मास्तरांनी सिग्नल लाल केला, तेच शब्द उलट म्हणून दाखवले, किलोमीटरचा आकडा पुन्हा विचारून घेतला आणि वहीत वेळ टाकली. हे सगळं एका मिनिटाच्या आत. या धंद्यात चांगलं काम कशाला म्हणावं, असं मला कुणी विचारलं तर मी हे मिनिट सांगतो.

आता स्टेशन मास्तरांचा स्वतःचा ब्लॉक. त्यांच्या मनातला अर्थ आमच्यापेक्षा वेगळा, आणि तोच रेल्वेतला जुना अर्थ. दोन स्टेशनांमधला रुळांचा जो तुकडा, तो ब्लॉक सेक्शन. त्या तुकड्यात एका वेळी एका मार्गावर एकच गाडी, हा नियम. पुढच्या स्टेशनकडून ‘लाइन क्लिअर’ घेतल्याशिवाय मागच्या स्टेशननं गाडी सोडायची नाही. दोन्ही मास्तरांच्या टेबलावर तारेनं जोडलेलं ब्लॉक यंत्र असतं. दुहेरी मार्गावर त्याच्या तीनच अवस्था: लाइन क्लोज्ड, लाइन क्लिअर, ट्रेन ऑन लाइन. एकेरी मार्गावर जुन्या यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा. तो गोळा वेताच्या कडीतून ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलत नसे. या पद्धतीचा गाभा असा, की मार्ग मुळात बंदच आहे. तो एका गाडीपुरता उघडायचा आणि ती पोहोचली की पुन्हा बंद. म्हणून तो ब्लॉक. मोकळेपणा मागून घ्यावा लागतो, गृहीत धरता येत नाही. मला ही कल्पना फार मोठी वाटते.

ती अशीच सुचलेली नाही. तारायंत्राच्या भरवशावर मार्गाचे तुकडे पाडून गाड्या सोडाव्यात, असं विल्यम कूक या तारायंत्राच्या जनकांपैकी एकानं १८४२ साली लिहिलं होतं. पण बरीच वर्षं बऱ्याच मार्गांवर गाड्या वेळेच्या अंतरानंच सुटत राहिल्या: एक गेली, काही मिनिटं थांबा, दुसरी सोडा. २५ ऑगस्ट १८६१, रविवार. इंग्लंडमधल्या ब्रायटनहून लंडनकडे तीन गाड्या काही मिनिटांच्या अंतरानं निघाल्या. वाटेत क्लेटनचा बोगदा. त्याच्या दोन्ही तोंडांशी एकेक सिग्नलमन आणि दोघांमध्ये तारायंत्र. पहिली गाडी आत गेली, पण तिच्यामागे आपोआप धोक्यावर जायला हवा होता तो सिग्नल गेला नाही. दुसरी गाडी आलीच. सिग्नलमननं धावत जाऊन लाल झेंडी दाखवली, पण तोवर इंजिन बोगद्यात शिरलं होतं. ड्रायव्हरनं झेंडी पाहिली की नाही, सिग्नलमनला कळेना. त्यानं पलीकडे विचारलं, बोगदा मोकळा आहे का? पलीकडच्यानं नुकतीच पहिली गाडी बाहेर पडताना पाहिली होती. त्यानं कळवलं, मोकळा. इकडच्याला वाटलं, दुसरी गाडी बाहेर पडली. त्यानं तिसऱ्या गाडीला जायची खूण केली. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं झेंडी पाहिलेली होती. तो बोगद्यात थांबून गाडी मागे घेत होता. तिसरी गाडी तिच्यावर आदळली. २३ माणसं गेली, १७६ जखमी झाली.

दोन्ही माणसं खरं बोलत होती. ‘मोकळा’ हा शब्दही बरोबर होता. कुठली गाडी गेल्यावर मोकळा, एवढंच त्यात नव्हतं. इकडचा सिग्नलमन त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता, हेही त्या कहाणीत वाचायला मिळतं, आणि माझ्यासारख्या रात्रपाळ्या केलेल्या माणसाच्या ते मनातून जात नाही. पुढे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण मेले, त्यांत पुष्कळ मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली. आज आपल्या कुठल्याही छोट्या स्टेशनात ते यंत्र दिसलं, की मला ही दोन नावं आठवतात.

तर मास्तर ‘ब्लॉक फेल आहे’ म्हणतात तेव्हा ते यंत्र बिघडलेलं असतं. ‘ब्लॉक मोकळा आहे’ म्हणतात तेव्हा गाडी सोडता येते. आणि पी-वेचा माणूस ‘ब्लॉक मिळाला’ म्हणतो तेव्हा गाडी सोडता येत नाही. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही एकच शब्द अगदी उलट अर्थांनी वापरत आलो.

आमचा ब्लॉक म्हणजे कामासाठी मागून घेतलेली वेळ. तेवढ्या वेळापुरता रूळ गाड्यांचा राहत नाही, आमचा होतो. मुंबईत तो मिळवणं किती कठीण, हे बाहेरच्याला कळणार नाही. लोकल दर तीन-चार मिनिटांनी. रात्रीची शेवटची गाडी आणि पहाटेची पहिली यांच्यामध्ये हाती येतात जेमतेम तीनेक तास, आणि त्यातलाही बराच वेळ मशीन जागेवर आणण्यात आणि परत नेण्यात जातो. म्हणून रविवार. मध्य रेल्वेवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. ‘माटुंगा ते मुलुंड, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५’ असली ओळ वाचकानं अनेकदा वाचली असेल. तेवढ्या वेळात खडी चाळायची, स्लीपर बदलायचे, टॅम्पिंग मशीननं खडी ठासून रूळ सरळ आणि समपातळीत आणायचा, सांधे बदलायचे. एका किलोमीटरमध्ये सोळाशे साठ काँक्रीटचे स्लीपर असतात, प्रत्येकाच्या खालची खडी घट्ट असायला लागते. वेळ संपली आणि काम पुरं झालं नाही, तर रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक बर्स्ट’ झाला. हा शब्द कंट्रोल रूमच्या फोनवर ऐकू येऊ नये म्हणून माणसं जेवण सोडतात, पाणी प्यायला थांबत नाहीत. त्या घाईतच अपघात होतात. म्हणून माझं मत असं, की बर्स्टच्या भीतीपेक्षा बर्स्ट परवडला. उशीर झालेल्या गाडीतला माणूस रागावतो, पण घरी पोहोचतो.

यातही पुन्हा दोन जाती, आणि इथे ‘कुठला ब्लॉक?’ हा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. एक ट्रॅफिक ब्लॉक, दुसरा पॉवर ब्लॉक. ट्रॅफिक ब्लॉकमध्ये त्या रुळावर गाडी येणार नाही, पण डोक्यावरच्या तारेत वीज असते. पॉवर ब्लॉकमध्ये तारेतली वीज काढलेली असते, पण त्यामुळे गाडी येणार नाही असं होत नाही. डिझेल इंजिन येऊ शकतं. मोठ्या कामाला दोन्ही एकत्र घेतात, पण दरवेळी तसं नसतं. टॅम्पिंग मशीनला वरच्या तारेशी काही देणंघेणं नसतं. तिला ट्रॅफिक ब्लॉक पुरतो.

मुंबईत आधी तारेत १५०० व्होल्ट डीसी असायचा. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तीही त्याच दाबावर. पश्चिम मार्गावर २०१२ साली आणि मध्य मार्गावर २०१५-१६ साली बदल पुरा होऊन सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आला. आकडा वाढला एवढंच नाही, सगळ्या सवयी बदलाव्या लागल्या. या तारेला हात लागायची गरज नाही. दोन मीटरच्या आत गेलं तरी धोका. शेजारच्या मार्गाची तार जिवंत असेल, तर बंद केलेल्या तारेतही वीज उत्पन्न होते. म्हणून पॉवर ब्लॉक मिळाला, एवढ्यावर कुणी वर चढत नाही. तारवाले आधी कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावतात, आणि त्यांच्या सुपरवायझरनं लेखी परवाना दिला की मगच काम. रूळ काढायचा असेल तरी आधी तात्पुरती जोडतार लावावी लागते, कारण इंजिनाची परतीची वीज रुळांतूनच वाहत असते.

पादचारी पुलाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. आमचा ट्रॅफिक ब्लॉक होता. ठेकेदाराच्या टोळीत जालन्याकडचा एक नवा मुलगा होता, अंगापिंडानं दणकट, कामाला वाघ. त्यानं वीस फुटी लोखंडी पाइप खांद्यावर घेतला आणि वळायला जागा मिळेना म्हणून तो उभा करू लागला. तार रुळापासून साडेपाच मीटरवर असते. वीस फूट म्हणजे सहा मीटर. आमचे मुकादम पलीकडच्या रुळावरून ओरडले, “ए पोरा, आडवा! पाइप आडवा धर!” मुलगा चपापला. पाइप खाली आला.

“ब्लॉक आहे ना, मुकादम?”

“कुठला ब्लॉक? गाडीचा आहे. तार जिवंत आहे.”

मुलाचा चेहरा पांढरा पडला. मुकादम त्याच्याजवळ गेले, त्याला खाली बसवलं, पाणी दिलं. मग सगळ्या टोळीला गोळा करून त्यांनी वर बोट दाखवून आणि रुळावर पाय आपटून दोन ब्लॉक समजावून सांगितले. “वरचा वेगळा, खालचा वेगळा. कुणी ब्लॉक आहे म्हटलं की आधी विचारायचं, वरचा का खालचा?” सुरक्षेच्या पुस्तकात हेच दोन पानांत आहे. मुकादमांनी ते दोन शब्दांत बसवलं, आणि त्यानंतर आमच्या सेक्शनात सगळे ‘वरचा ब्लॉक’ आणि ‘खालचा ब्लॉक’ असंच म्हणू लागले. मीही.

आणखी एक नाव आहे, शॅडो ब्लॉक. एका खात्यानं ब्लॉक घेतला की त्याच्या सावलीत दुसरं खातं आपलं काम उरकून घेतं. तारवाल्यांचा ब्लॉक आहे, तर त्याच हद्दीत आम्ही चार स्लीपर बदलतो, सिग्नलवाले सांध्याची मोटर तपासतात. वेळ वाचतो, म्हणून चांगलं. पण ब्लॉक कुणाचा? ज्याचा आहे त्याचं काम संपलं आणि त्यानं लाइन परत दिली, तर सावलीतली माणसं उघड्यावर पडतात. म्हणून नियम असा, की ब्लॉकचा धनी एकच. बाकीच्यांनी त्याच्याकडे लेखी नोंद करायची, आणि प्रत्येकानं ‘माझी माणसं बाहेर, माझं सामान बाहेर’ असं लिहून दिल्याशिवाय त्यानं लाइन सोडायची नाही. मी हे कागद कधी सहकाऱ्याच्या शब्दावर सोडले नाहीत. तो वीस वर्षांचा मित्र असला, तरी सही हवी. काहींना याचा राग यायचा. रागावलेला मित्र दुसऱ्या दिवशी चहाला भेटतो.

शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे रेल्वेनं ज्या काळजीनं नियमांत आणलं आहे, त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. मी स्टेशनला लेखी मेमो द्यायचो: कुठल्या मार्गावर, किती किलोमीटरपासून कितीपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, वरचा की खालचा. मास्तर कंट्रोलरला विचारायचे. कंट्रोलर मंजुरी द्यायचे. मग खाजगी नंबर. प्रत्येक स्टेशनकडे आकड्यांचा एक गुप्त तक्ता असतो. संदेश पक्का झाला की त्यातला एक आकडा सांगायचा आणि तो खोडून टाकायचा. ऐकणाऱ्यानं संदेश आणि आकडा दोन्ही परत म्हणायचे, वहीत लिहायचे. पॅनेलवरच्या बटणांना टोप्या घालायच्या, म्हणजे सवयीनं हात गेला तरी सिग्नल निघू नये. एवढ्यावरही आम्ही कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर रुळांवर आडवी लाल पट्टी बांधायचो आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन फटाके लावायचो. बोलणं, लिहिणं, आकडा, टोपी, पट्टी, फटाके. एक चुकलं तर दुसरं आहे. भाषेत संदिग्धपणा राहणारच, हे मान्य करून त्याच्याभोवती केलेली ही तटबंदी.

मुकादम माझ्याआधी निवृत्त झाले आणि संगमेश्वरकडे आपल्या गावी गेले. काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, बाबांना चक्कर येऊन पडल्यामुळे मुंबईला आणलंय, हृदयात ब्लॉक निघालाय. मी भेटायला गेलो. वहिनी बाहेर बसलेल्या; नातेवाइकांत ‘नळी तुंबलीय, स्टेंट टाकणार’ अशी चर्चा. मुकादम आत खाटेवर, नाडी चाळिसाच्या आसपास, पण शुद्धीवर आणि डोळे लकलकीत. मला पाहून म्हणाले, “साहेब, मी डॉक्टरांना विचारलं, कुठला ब्लॉक?” डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत अडथळा आला तर त्याला लोक ब्लॉक म्हणतात. ती नळी उघडावी लागते. यांचं तसं नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश मध्येच अडत होता. वैद्यकात हार्ट ब्लॉक म्हणतात तो हा. त्याला स्टेंटचा उपयोग नाही, पेसमेकर लागतो. मुकादम म्हणाले, “म्हणजे माझा वरचा ब्लॉक आहे, खालचा नाही.” त्यांनी मुलाला बोलावून हे सगळ्या पाहुण्यांना सांगायला लावलं. पेसमेकर बसला. ते आजही गावी आपल्या काजूच्या बागेत असतात. त्यांच्या मुलाला मी तेव्हा एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो: डॉक्टर, वकील, मेकॅनिक, कुणीही आपल्याला ओळखीचा इंग्रजी शब्द सांगितला, तर तो आपल्या ओळखीच्या अर्थानंच असेल असं धरू नये. विचारावं. विचारल्यानं समोरच्याचा अपमान होत नाही, आणि होत असेल तर होऊ द्यावा.

आता रविवारच्या प्रवाशाचा ब्लॉक. त्याची चिडचिड मला समजते. एकच सुट्टी, लग्नाला जायचंय, परीक्षा आहे, आणि ठाण्याला गर्दी फलाटाबाहेर आलेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडायला २७ तासांचा ब्लॉक घेतला, जून २०२४ च्या तोंडावर ठाण्याचा पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा; तेव्हा शहर अक्षरशः हवालदिल झालं होतं. पण ब्रिटिश काळातला जीर्ण पूल खालून गाड्या जात असताना पाडता येत नाही आणि शेजारचा रूळ हलवल्याशिवाय फलाट रुंद होत नाही. ब्लॉक न घेता केलेली देखभाल म्हणजे गाड्यांच्या फटीत जीव मुठीत धरून केलेलं काम. एक माणूस शिट्टी घेऊन उभा, बाकीचे वाकलेले, शिट्टी झाली की बाजूला. पाऊस असला, शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी धडधडत असली, तर ती शिट्टी ऐकू येत नाही. माझ्या ओळखीची माणसं अशी गेली आहेत. त्यांच्या घरी निरोप घेऊन मी गेलो आहे. म्हणून ब्लॉक हा शब्द गैरसोय या अर्थानं वापरला गेला की मला आत कुठेतरी लागतं. रुळांत काम करणाऱ्या माणसाला तो एकच शब्द आडोसा देतो.

पण गैरसोयीपेक्षाही एक लोकप्रिय अर्थ मला जास्त छळतो: ब्लॉक आहे म्हणजे रूळ रिकामे आहेत. मी रविवारी दुपारी मुलांचे हात धरून, सामान घेऊन, हसत-बोलत रूळ ओलांडणारी कुटुंबं पाहिली आहेत. “आज ब्लॉक आहे हो, गाड्या नाहीत.” हे साफ चूक आहे. ब्लॉक चारांपैकी एका-दोन मार्गांवर असतो. तिथल्या गाड्या शेजारच्या मार्गावर वळवलेल्या असतात, म्हणजे तो मार्ग नेहमीपेक्षा जास्त भरलेला, आणि तिथे जलद गाडी धीम्या फलाटाजवळून जाते, जिथे तुम्हाला तिची सवय नसते. ज्या मार्गावर ब्लॉक आहे, तिथेही टॅम्पिंग मशीन, खडीची गाडी, तारवाल्यांची टॉवर वॅगन पुढे-मागे होत असतात. त्यांना वेळापत्रक नसतं, आणि त्यांच्या येण्याची घोषणा फलाटावर होत नाही. खडी उकरलेली असते, रुळाचे तुकडे आणि सळया पसरलेल्या असतात, डोक्यावरची तार बहुतेक वेळा जिवंत असते.

तेव्हा येत्या रविवारी ब्लॉक असेल, तर घरून अर्धा तास आधी निघा. रूळ ओलांडू नका. पादचारी पूल लांब पडला, जिने चढताना गुडघे दुखले, तरी पुलावरूनच जा, आणि तुमच्यासमोर कुणी रुळांत उतरताना दिसलं, तर त्याला हाक मारून थांबवा.